पेज टेबल आणि पत्त्यांचं रूपांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः ६४-बिट एक्स८६ प्रोसेसर आणि लिनक्स समोर ठेवून लिहिली आहेत. आर्म आणि रिस्क-व्ही कुठे वेगळे पडतात ते शेवटी येईल. केबी, एमबी, जीबी सगळीकडे १०२४ च्या पटीत धरले आहेत. उदाहरणातले हेक्स (१६ च्या पायाचे) आकडे मुद्दाम अक्षरं येणार नाहीत असे निवडले आहेत.

पॉइंटरमध्ये दिसणारा पत्ता रॅममधला खरा पत्ता नसतो का?

नसतो. प्रोग्रॅमने छापलेला पॉइंटर हा व्हर्च्युअल पत्ता असतो आणि तो आकडा रॅमच्या चिपपर्यंत कधीच पोहोचत नाही. वाटेत प्रोसेसरमधला एमएमयू (मेमरी मॅनेजमेंट युनिट) बसलेला असतो. तो प्रत्येक वाचनाला, प्रत्येक लेखनाला आणि प्रत्येक सूचना उचलताना हा पत्ता बदलून फिजिकल पत्ता काढतो. त्यामुळे दोन प्रोसेसमध्ये हुबेहूब एकच आकडा असला तरी त्यामागची रॅम वेगळी असू शकते. उलटही होतं. एकच शेअर्ड लायब्ररी शंभर प्रोसेसमध्ये शंभर वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसते, पण तिचा कोड रॅममध्ये एकदाच असतो.

पेज आणि फ्रेम यांत फरक काय?

व्हर्च्युअल बाजूचा ४०९६ बाइटचा तुकडा म्हणजे पेज, आणि रॅममधला तेवढाच तुकडा म्हणजे फ्रेम. पेज टेबल फक्त एवढंच सांगतं की अमुक पेज तमुक फ्रेममध्ये आहे. पेजच्या आतली जागा, म्हणजे पत्त्याचे खालचे १२ बिट, रूपांतरात जसेच्या तसे राहतात. हिशेब तपासताना आधी हेच पाहावं. व्हर्च्युअल आणि फिजिकल पत्त्याचे शेवटचे तीन हेक्स आकडे जुळत नसतील तर बाकीचं पाहण्यात अर्थ नाही.

एकच सरळ टेबल का ठेवत नाहीत? चार पातळ्यांचा खटाटोप कशासाठी?

आकडेमोड केली की कळतं. ३२-बिट पत्त्यात २० बिट पेज क्रमांकाचे असतात. नोंद ४ बाइटची धरली तर सरळ टेबल ४ एमबीचं होतं, आणि तेही दर प्रोसेसमागे. १९८५ साली ८०३८६ आला तेव्हा अख्ख्या मशीनची रॅम अनेकदा तेवढीच असे. म्हणून त्यात १०, १० आणि १२ बिट अशी दोन पातळ्यांची विभागणी आली. ४८-बिट पत्त्यात पेज क्रमांक ३६ बिटांचा होतो आणि नोंद ८ बाइटची. सरळ टेबल करायला गेलं तर एका प्रोसेसला ५१२ जीबी लागतील.

प्रोसेस आपल्या पत्त्यांचा अगदी थोडा भाग वापरते, बाकी सगळं मोकळं माळरान असतं. झाडासारखी रचना केली की मोकळ्या भागाची टेबलं बनवावीच लागत नाहीत. वरच्या टेबलात एक नोंद शून्य ठेवली की खालचा ५१२ जीबीचा पट्टा 'इथे काही नाही' असा ठरतो.

एक पत्ता घेऊन पूर्ण रूपांतर करून दाखवाल का?

व्हर्च्युअल पत्ता घेऊ हेक्स ५६२४८५९१३६४०. त्याचे ४८ बिट वरून खाली ९, ९, ९, ९ आणि १२ असे तोडायचे. कोडमध्ये हेच करायचं तर पत्ता अनुक्रमे ३९, ३०, २१ आणि १२ बिट उजवीकडे सरकवून दर वेळी खालचे ९ बिट घ्यायचे. मिळतात ते आकडे दशमानात असे: १७२, १४६, ४४, २७५, आणि पेजच्या आतलं अंतर १६००, म्हणजे हेक्स ६४०.

आता सीआर३ रजिस्टरपासून सुरुवात. त्यात सर्वांत वरच्या टेबलाचा, पीएमएल४ चा, फिजिकल पत्ता असतो. तो हेक्स ३५४००० आहे असं धरू.

१. नोंद ८ बाइटची, म्हणून १७२ × ८ = १३७६, हेक्स ५६०. हेक्स ३५४५६० वरची नोंद वाचली. तीत पुढच्या टेबलाचा, पीडीपीटीचा, पत्ता निघाला हेक्स ७८२१०००.

२. १४६ × ८ म्हणजे हेक्स ४९०. हेक्स ७८२१४९० वाचलं. पुढचं टेबल पीडी, पत्ता हेक्स १९४६०००.

३. ४४ × ८ म्हणजे हेक्स १६०. हेक्स १९४६१६० वाचलं. शेवटचं टेबल पीटी, पत्ता हेक्स २०५३०००.

४. २७५ × ८ म्हणजे हेक्स ८९८. हेक्स २०५३८९८ वर नोंद सापडली हेक्स ८००००००८१९३७०६७... थांबा, असं घाईत लिहिलं की शून्यं हमखास चुकतात. नोंद नेहमी १६ हेक्स आकड्यांची लिहावी: ८००० ०००० ८१९३ ७०६७.

५. या नोंदीतले फक्त १२ ते ५१ क्रमांकाचे बिट घ्यायचे. फ्रेमचा पत्ता आला हेक्स ८१९३७०००. त्यात अंतर ६४० मिळवलं की फिजिकल पत्ता हेक्स ८१९३७६४०.

हाताने करताना तीन चुका हटकून होतात. क्रमांकाला ८ ने गुणायचं राहून जातं. खालचे १२ बिट, म्हणजे ते ०६७, न पुसताच पत्ता म्हणून वापरले जातात. आणि सर्वांत वरचा ६३ वा बिट पत्त्यातच राहतो, मग आकडा अचाट मोठा होतो. चौथी चूक कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहिणाऱ्यांची: टेबलातले पत्ते फिजिकल असतात हे विसरून त्यांना थेट पॉइंटर समजणं. पेजिंग चालू असताना कर्नललाही त्या टेबलापर्यंत व्हर्च्युअल पत्त्यानेच जावं लागतं. लिनक्स त्यासाठी सगळी रॅम एका ठरावीक अंतरावर सलग मॅप करून ठेवतं, त्यामुळे तिथे नुसती बेरीज केली की काम होतं.

त्या नोंदीतल्या ०६७ चा अर्थ काय?

हे खालचे बिट म्हणजे परवानग्या आणि खुणा. शून्यावा बिट प्रेझेंट, पहिला लेखनाची मुभा, दुसरा यूजर मोडला प्रवेश, पाचवा ॲक्सेस्ड, सहावा डर्टी. १ + २ + ४ + ३२ + ६४ = १०३, म्हणजेच हेक्स ६७. तिसरा आणि चौथा बिट कॅशबद्दल सांगतात, आठवा ग्लोबल. सर्वांत वरचा ६३ वा बिट एनएक्स, म्हणजे या पेजमधून सूचना चालवायच्या नाहीत. आपल्या उदाहरणात तो लागलेला आहे, म्हणून हे पेज डेटाचं.

ॲक्सेस्ड आणि डर्टी हे दोन बिट प्रोसेसर स्वतः लावतो, पुसायचं काम मात्र ऑपरेटिंग सिस्टीमचं. कुठलं पेज बरेच दिवस कोणी हात लावलेलं नाही हे कर्नलला यावरूनच समजतं.

प्रेझेंट बिट शून्य असेल तर प्रोसेसर उरलेल्या ६३ बिटांकडे पाहतही नाही. ती जागा कर्नलला मोकळी मिळते. पेज स्वॅपमध्ये (रॅममधली पेजं तात्पुरती ठेवायच्या डिस्कवरच्या जागेत) गेलं असेल तर ते कुठे ठेवलं आहे ते तिथेच लिहून ठेवतात.

एका वाचनासाठी आधी चार वाचनं, मग मशीन पाचपट हळू का होत नाही?

टीएलबीमुळे. नुकतीच झालेली रूपांतरं प्रोसेसर या छोट्या कॅशमध्ये ठेवतो आणि बहुतेक वेळा टेबलांकडे जावंच लागत नाही. इंटेलच्या स्कायलेक कोअरमध्ये ४ केबी पेजसाठी डेटाच्या पहिल्या टीएलबीत ६४ नोंदी असतात आणि दुसऱ्या पातळीवर १५३६. म्हणजे पहिल्याच्या आवाक्यात २५६ केबी आणि दुसऱ्याच्या आवाक्यात ६ एमबी. शिवाय वरच्या पातळ्यांच्या नोंदींचीही वेगळी कॅश असते, त्यामुळे टीएलबी चुकली तरी बऱ्याचदा शेवटची एकच नोंद वाचावी लागते.

अडचण येते ती मोठ्या हॅश टेबलसारख्या कामात, जिथे प्रत्येक उडी नव्या पेजवर पडते. तिथे ६ एमबी कुठल्या कुठे संपतात. आपला प्रोग्रॅम त्यात अडकला आहे का हे पर्फ या साधनातल्या डीटीएलबी लोड मिसच्या मोजणीवरून कळतं. अंदाजाने ठरवू नये.

टेबलातली नोंद बदलली, तरी प्रोसेसर जुन्याच फ्रेममध्ये लिहितो. का?

कारण टीएलबीला तुम्ही काही सांगितलेलंच नाही. एक्स८६ वर टीएलबी टेबलातले बदल आपोआप टिपत नाही. नोंद बदलल्यावर त्या पत्त्यासाठी इन्व्हएलपीजी सूचना द्यावी लागते, किंवा सीआर३ पुन्हा लिहावा लागतो. सीआर३ लिहिल्याने ग्लोबल बिट असलेल्या नोंदी जात नाहीत, इन्व्हएलपीजीने जातात. 'सगळं फ्लश केलं तरी कर्नलचं एक पेज जुनंच दिसतंय' या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं. नोंद आधी प्रेझेंट नव्हती आणि आता झाली, तर एक्स८६ वर फ्लशची गरज नाही, कारण नसलेली नोंद टीएलबीत ठेवली जात नाही.

एकापेक्षा जास्त कोअर असतील तर काम वाढतं. इन्व्हएलपीजी फक्त आपल्या कोअरपुरती चालते. दुसऱ्या कोअरना इंटरप्ट पाठवून त्यांच्याकडून त्यांची टीएलबी पुसून घ्यावी लागते. यालाच टीएलबी शूटडाउन म्हणतात. क्रम महत्त्वाचा: आधी नोंद बदला, मग सगळ्यांना पुसायला सांगा, सगळ्यांचा होकार येईपर्यंत थांबा, आणि त्यानंतरच फ्रेम दुसऱ्याला द्या. होकाराआधी फ्रेम दिली तर दुसऱ्या कोअरवरचा धागा परक्या प्रोसेसच्या मेमरीत लिहून मोकळा होतो. असा बग आठवड्यातून एकदा दिसतो आणि शोधायला बसलं की गायब होतो.

पेज फॉल्ट म्हणजे प्रोग्रॅममधली चूक का?

बहुतेक वेळा नाही. मेमरी मागितल्यावर कर्नल लगेच फ्रेम देत नाही, पहिला स्पर्श झाल्यावर देतो, आणि तो स्पर्श म्हणजे एक पेज फॉल्ट. फोर्कनंतर, म्हणजे प्रोसेसने स्वतःसारखी दुसरी प्रोसेस काढल्यावर, आई आणि मूल प्रोसेस एकाच फ्रेमवर असतात, लेखनाची मुभा काढलेली असते. कोणी लिहायला गेलं की फॉल्ट होतो आणि तेव्हा प्रत केली जाते. हे सगळे मायनर फॉल्ट, डिस्कला हात न लावता निपटणारे. डिस्कवरून आणावं लागलं तर मेजर. मायनर लाखांनी दिसले तरी घाबरू नका. मेजर सतत वाढत असतील तर मात्र रॅम अपुरी पडते आहे का ते पाहा.

सेगमेंटेशन फॉल्टच्या ओळीत 'एरर ४', 'एरर ६' असं येतं. ते कसं वाचायचं?

कर्नलच्या लॉगमधला तो आकडा प्रोसेसरनेच दिलेला असतो आणि हेक्समध्ये छापलेला असतो. त्याचे बिट: १ म्हणजे पेज होतं पण परवानगी नव्हती (नसेल तर पेजच नव्हतं), २ म्हणजे लेखन, ४ म्हणजे यूजर मोड, ८ म्हणजे नोंदीत राखीव बिट लागलेला, हेक्स १० म्हणजे सूचना उचलताना.

म्हणून ४ = यूजर प्रोग्रॅमने नसलेल्या पेजमधून वाचलं, नल पॉइंटरची नेहमीची खूण. ६ = नसलेल्या पेजवर लिहिलं. ७ = पेज आहे पण लिहिण्याची मुभा नाही, उदाहरणार्थ स्ट्रिंग लिटरल बदलायला गेलात. १४ = नसलेल्या पत्त्यावर उडी मारली, बहुधा रिकामा फंक्शन पॉइंटर. १५ = एनएक्स पेजमधला डेटा कोड म्हणून चालवायला गेलात. ज्या पत्त्यावर फॉल्ट झाला तो प्रोसेसर सीआर२ मध्ये ठेवतो आणि लॉगमध्ये तोच दिसतो.

लॉगमध्ये पत्ता न येता 'जनरल प्रोटेक्शन' एवढंच आलं तर पॉइंटर पार कचरा झालेला असण्याची शक्यता मोठी. ४८-बिट पत्त्यात ४८ ते ६३ हे बिट ४७ व्या बिटाची नक्कल असावे लागतात. तसे नसतील तर प्रोसेसर टेबलांपर्यंत जातच नाही, १४ क्रमांकाच्या (दशमानात) पेज फॉल्टऐवजी १३ क्रमांकाचा अपवाद देतो.

स्वतःचा कर्नल लिहितोय. पेजिंग चालू करताच मशीन रीस्टार्ट होतं.

हा ट्रिपल फॉल्ट. पेजिंग सुरू झाल्या क्षणापासून पुढच्या सूचनेचा पत्ताही टेबलांतून जातो. चालू कोड त्याच पत्त्यावर मॅप केलेला नसेल तर सूचना उचलतानाच फॉल्ट होतो. फॉल्ट हँडलर सापडत नाही म्हणून डबल फॉल्ट, तोही सापडत नाही म्हणून रीसेट. उपाय: सुरुवातीचा कोड, स्टॅक आणि आयडीटी (फॉल्ट हँडलरांच्या पत्त्यांचं टेबल) या सगळ्यांचं जसंच्या तसं मॅपिंग आधी करा, नव्या पत्त्यावर उडी मारा, मग जुनं मॅपिंग काढा.

तेवढ्याने भागलं नाही तर हे पाहा. टेबलासाठी घेतलेली फ्रेम शून्याने भरली होती का? जुना कचरा असेल तर त्यातल्या निम्म्या नोंदी प्रेझेंट वाटतात. टेबलाचा पत्ता ४०९६ च्या पटीत आहे का? एनएक्स बिट वापरत असाल तर ईएफईआर रजिस्टरमधला एनएक्सई बिट लावला का? तो लावलेला नसताना ६३ वा बिट राखीव धरला जातो आणि एरर कोडमध्ये ८ दिसतो.

शेवटच्या नोंदीत यूजर बिट लावला, तरी परवानगीचा फॉल्ट येतो.

वरच्या तीन पातळ्याही तपासा. लेखन आणि यूजर हे बिट चारही पातळ्यांवर असतील तरच मुभा मिळते, एकीनेही नाही म्हटलं की संपलं. एनएक्स याच्या उलट: कुठल्याही एका पातळीवर लागला की खालचं सगळं न चालवण्याजोगं. म्हणून वरच्या पातळ्या सैल ठेवून खरी परवानगी शेवटच्या नोंदीत द्यावी.

उलट तक्रारही येते: फक्त-वाचन पेजवर कर्नल बिनदिक्कत लिहितो. सीआर० मधला १६ वा बिट, डब्ल्यूपी, लावलेला नसेल तर कर्नल मोडला लेखनबंदी लागूच होत नाही. फोर्कच्या वेळची प्रत करण्याची युक्ती यामुळे गुपचूप मोडते.

पेज टेबलं स्वतः किती रॅम खातात?

४ केबी पेजला ८ बाइटची नोंद, म्हणजे मॅप केलेल्या मेमरीच्या ५१२ वा भाग. १ जीबीला २ एमबी. वरच्या पातळ्या नगण्य. ऐकायला किरकोळ वाटतं, पण टेबलं दर प्रोसेसची वेगळी असतात. एखाद्या डेटाबेसने १६ जीबी शेअर्ड मेमरी घेतली आणि ५०० प्रोसेसनी ती पूर्ण वापरली, तर प्रत्येकी ३२ एमबी, एकूण सुमारे १५.६ जीबी नुसत्या टेबलांत जातात. 'रॅम कोण खातंय ते सापडत नाही' अशा वेळी मेमइन्फो फाइलमधली पेजटेबल्स ही ओळ पाहावी. तीच मेमरी २ एमबी पेजवर नेली की प्रत्येकी ६४ केबी पुरतात.

ह्यूज पेज वापरल्यावर रूपांतरात काय बदलतं?

वॉक, म्हणजे टेबलांतून पातळी-पातळीने खाली जाणं, आधीच थांबतो. पीडीच्या नोंदीत ७ वा बिट लागलेला असेल तर ते टेबलाचं बोट नसून थेट २ एमबीची फ्रेम असते. आपल्या उदाहरणात मग खालचे २१ बिट, म्हणजे ११,२८,०००, हे अंतर झालं असतं. पीडीपीटीत तो बिट लागला तर पेज १ जीबीचं. स्कायलेकच्या त्याच १५३६ नोंदी २ एमबी पेजवर ३ जीबी व्यापतात, खरा फायदा तिथे आहे.

तोटा असा की २ एमबी सलग आणि २ एमबीच्या पटीत सुरू होणारी रॅम लागते. मशीन बराच काळ चालू असेल तर असा सलग तुकडा मिळत नाही. म्हणून राखीव ह्यूज पेज बूट होतानाच बाजूला काढावीत.

लिनक्सवर माझ्या पॉइंटरचा फिजिकल पत्ता कसा काढू?

प्रॉक फाइलसिस्टीममध्ये दर प्रोसेसची पेजमॅप नावाची फाइल असते. पेजवर आधी काहीतरी लिहा. मग फाइलमध्ये (पत्ता भागिले ४०९६) गुणिले ८ या जागी जाऊन ८ बाइट वाचा. ६३ वा बिट लागलेला असेल तर पेज रॅममध्ये आहे, ६२ वा असेल तर स्वॅपमध्ये. खालचे ५५ बिट म्हणजे फ्रेम क्रमांक. त्याला ४०९६ ने गुणा आणि पत्त्याचे खालचे १२ बिट मिळवा.

फ्रेम क्रमांक शून्य येत असेल तर प्रोग्रॅमला पुरेसे अधिकार नाहीत. रोहॅमर हल्ल्यांना (रॅमच्या ओळी वारंवार वाचून शेजारचे बिट उलटवणाऱ्या) मदत होऊ नये म्हणून लिनक्स ४.२ पासून साध्या वापरकर्त्याला हा क्रमांक दिसत नाही. अनेक पेजना एकच क्रमांक येत असेल तर तुम्ही ती नुसती वाचली आहेत, लिहिलेली नाहीत: सगळी एकाच शून्य पेजकडे बोट दाखवताहेत.

आणि मिळालेला पत्ता साठवून ठेवू नका. कर्नल पेज हलवू शकतं. एमलॉक (पेज रॅममध्येच ठेवायला सांगणारा सिस्टीम कॉल) केल्याने स्वॅप थांबतं, स्थलांतर थांबेलच असं नाही. सलग दिसणारी दोन पेजं रॅममध्येही शेजारी असतील असंही धरू नका. डीएमएसाठी (उपकरणाने थेट मेमरी वाचण्या-लिहिण्यासाठी) मेमरी हवी असेल तर ड्रायव्हरमधून कर्नलच्या डीएमए फंक्शननीच घ्यावी. आयओएमएमयू (उपकरणांसाठीचा एमएमयू) असेल तर उपकरणाला दिसणारा पत्ता फिजिकलपेक्षाही वेगळा असतो.

मेल्टडाउननंतर पेज टेबलांत काय बदललं?

पूर्वी प्रत्येक प्रोसेसच्या टेबलात कर्नलही मॅप केलेला असे, फक्त यूजर बिट काढलेला. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा त्रुटीने दाखवलं की काही प्रोसेसरवर तेवढी आडकाठी पुरत नाही. मग लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला दोन पीएमएल४ आले. यूजर मोडच्या प्रतीत कर्नलचा जेमतेम प्रवेशापुरता भाग उरला. प्रत्येक सिस्टीम कॉलला सीआर३ बदलायचा म्हणजे टीएलबी पुसली जाणार. पीसीआयडी असलेल्या प्रोसेसरवर नोंदींना १२ बिटांची ओळख चिकटवता येते, त्यामुळे तो खर्च बराच आटोक्यात राहतो.

व्हर्च्युअल मशीनमध्ये?

गेस्टचा (आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा) 'फिजिकल' पत्ता पुन्हा यजमानाच्या, म्हणजे खऱ्या मशीनवरच्या सिस्टीमच्या, टेबलांतून जातो. गेस्टच्या चार पातळ्या, प्रत्येकीचा पत्ता काढायला यजमानाच्या चार, आणि शेवटच्या पत्त्यासाठी आणखी चार. वाईटात वाईट वेळी २४ वाचनं. म्हणून ह्यूज पेजचा उपयोग इथे दुप्पट जाणवतो.

आर्म आणि रिस्क-व्हीवर काय वेगळं?

६४-बिट आर्मवर यूजर आणि कर्नलसाठी टीटीबीआर० आणि टीटीबीआर१ अशी दोन मूळ रजिस्टरं आहेत, आणि पेज ४, १६ किंवा ६४ केबीचं असू शकतं. कोडमध्ये ४०९६ हा आकडा ठोकून बसवलेले प्रोग्रॅम इथेच आपटतात, पेजचा आकार सिस्टीमला विचारावा. शिवाय वापरात असलेल्या मॅपिंगची फ्रेम किंवा पेजचा आकार बदलताना आधी नोंद रद्द करा, टीएलबी पुसा, मग नवी लिहा, असा आर्मचा दंडक आहे.

रिस्क-व्हीच्या एसव्ही३९ मध्ये तीन पातळ्या आणि ५१२ जीबीची व्याप्ती. मूळ रजिस्टर सॅटप. तिथे नोंदीतला फ्रेम क्रमांक १० व्या बिटापासून सुरू होतो, १२ व्या नाही. एक्स८६ वरून कोड आणणारे बहुतेकजण यावर एकदा तरी अडखळतात.

पाच पातळ्या आल्या, तर माझा कोड बदलावा लागेल का?

पाचव्या पातळीने पत्ता ५७ बिटांचा होतो. पॉइंटरचे वरचे १६ बिट रिकामे समजून त्यात स्वतःच्या खुणा ठेवणारे प्रोग्रॅम यामुळे मोडले असते. म्हणून लिनक्स मागितल्याशिवाय ४७ बिटांपलीकडचा पत्ता देत नाही. हवाच असेल तर मेमरी मागणाऱ्या एममॅप या सिस्टीम कॉलला त्या हद्दीपलीकडचा पत्ता सुचवावा लागतो.